तेराशे सत्तावीसनंतरच्या तीन कोऱ्या ओळी

तिसऱ्या पानाचं प्रूफ माझ्यापुढे होतं आणि त्यात तीन ओळी नव्हत्या. १३२७ हा आकडा छापलेला, त्याखाली तीन ओळींचा पांढरा पट्टा, आणि मग एकदम १३६१. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. पट्टा तिथेच. म्हटलं, झालं, नानांनी तिसऱ्यांदा घोटाळा केला.

लाल शाईचं पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'तीन ओळी भरायच्या राहिल्या.' खाली सही ठोकली आणि प्रूफ शेठच्या टेबलावर ठेवून जेवायला गेलो. जेवलोही पोटभर. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

मी तेव्हा जळगावात एका छापखान्यात प्रूफरीडर होतो. सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. स्टेशनच्या मागच्या गल्लीतला छोटा छापखाना. लग्नपत्रिका, बाजार समित्यांच्या नोटिसा, शाळांच्या प्रश्नपत्रिका, केळीवाल्यांची पावतीपुस्तकं, असलं काम. शिशाचे खिळे एकेक करून हातानं जुळवायचे, त्यांवर शाई फिरवून एक कच्चा कागद काढायचा. तो कागद म्हणजे प्रूफ. लेखकाचं मूळ हस्तलिखित म्हणजे कॉपी. प्रूफरीडरनं कॉपी डाव्या हाताला ठेवायची, प्रूफ उजव्या हाताला, आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. धंद्याचा पहिला नियम, कॉपीशिवाय प्रूफ वाचायचं नाही.

त्या दिवशी माझ्या डाव्या हाताला कॉपी नव्हती. आणि ती नव्हती त्याला कारण मीच.

पुस्तक होतं यावलच्या चौधरी गुरुजींचं. गुरुजी गणिताचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, बोलणं हळू. एक ते दहा हजारपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचा तक्ता त्यांनी हातानं तयार केला होता. मूळ संख्या म्हणजे ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही निःशेष भाग जात नाही ती. सात मूळ आहे. नऊ नाही, कारण तीन त्रिक नऊ. हे आपण चौथी-पाचवीत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. गुरुजी विसरले नव्हते. शाळा उघडायच्या आत तक्ता छापून आसपासच्या शाळांना वाटायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांची मांडणी निराळी होती. दहा-दहा आकड्यांची एक ओळ. ओळीत चार घरं. कारण दोन आणि पाच सोडले, तर मूळ संख्येच्या शेवटी फक्त एक, तीन, सात किंवा नऊच येतो. मूळ संख्या असेल तर त्या घरात आकडा, नसेल तर घर कोरं. पन्नास ओळींचं एक पान, म्हणजे पानावर पाचशे आकड्यांचा हिशेब. दोन आणि पाच बिचारे कुठल्याच घरात बसेनात, म्हणून त्यांना पहिल्या पानावर सगळ्यांच्या वर वेगळी जागा दिली होती.

हे सगळं जुळवत होते दगडूनाना. आमचे सर्वांत जुने कंपोझिटर. तीस वर्षं खिळ्यांच्या केससमोर उभे. केस म्हणजे खणाखणांचा लाकडी ट्रे, प्रत्येक खणात एकेक अक्षर. नाना न पाहता बरोबर खणात हात घालायचे. ऑफिसात आमच्यासारखं बोलायचे, मन भरून आलं किंवा डोकं फिरलं की थेट अहिराणीवर यायचे. पण गेल्या वर्षापासून त्यांचे डोळे कुरकुरत होते. एका लग्नपत्रिकेत मंगल कार्यालयाचं नाव असलेली ओळच गळली. वऱ्हाड गावभर फिरलं. मग जामनेरच्या एका नोटिशीत सभेची वेळ गळली. तेव्हा शेठ म्हणाले होते, "नाना, आता तिसऱ्यांदा झालं तर केस सोडायची. बांधणीच्या टेबलावर बसायचं."

बांधणीचं टेबल म्हणजे कागदाच्या घड्या घालायच्या आणि खळ लावायची. आचाऱ्याला पंगतीच्या उष्ट्या पत्रावळी उचलायला लावल्यासारखं ते. हे मला ठाऊक होतं. शेठ म्हणाले तेव्हा मी तिथेच उभा होतो.

तिसरं पान जुळवताना एक अडचण आली. हजार ते पंधराशे. त्यात एकाहत्तर मूळ संख्या, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला १. शिवाय शेवटी १, मध्ये १. आमच्या केसमध्ये सगळ्या आकड्यांचे खिळे साधारण सारखे. पत्रिका-पावत्यांना तेवढे पुरतात. मूळ संख्यांना कुठले पुरायला! नाना तेराशेच्या घरात पोचले आणि १ चा खण रिकामा.

"वाणी, एकं संपली," नाना म्हणाले. वाणी म्हणजे मी. "आणि मजा बघा, चारचा खण शिगोशीग भरलेला. या गुरुजींच्या पुस्तकात चाराला कोणी विचारत नाही."

धुळ्याला आमच्या ओळखीचा छापखाना होता. तिथून १ चे खिळे मागवले. दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं आले. नानांनी ते घालून पान पुरं केलं. आणि त्याच दुपारी पाणी प्यायला उठताना माझा धक्का लागून माठ कलंडला. मे महिना, जळगावचं ऊन, माठ काठोकाठ भरलेला. सगळं पाणी गुरुजींच्या तिसऱ्या पानावर. फाउंटन पेनची निळी शाई. पानाचं धिरडं झालं.

नाना म्हणाले, "असू द्या, पान जुळवून झालंय." मी तो लगदा वाळवून यावलच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला. बरोबर चिठ्ठी, 'पान भिजलं, क्षमा असावी, नव्यानं लिहून शनिवारी आणावं.' दर शनिवारी गुरुजी जळगावला यायचेच.

तर असं ते प्रूफ कॉपीशिवाय माझ्यासमोर आलं. शनिवारपर्यंत थांबायला काय हरकत होती? काही नाही. पण मला वाटलं, आकडेच तर आहेत, निदान ओळी सरळ आहेत का, खिळा तुटका आहे का, एवढं पाहून ठेवू. पाहिलं. पहिल्या दोन पानांत मध्येच एखादी ओळ कोरी असायची, ते मला माहीत होतं. या पानात अकराशेच्या घरात दोन ओळी सलग कोऱ्या दिसल्या. त्या मी कशाबशा गिळल्या. पण पुढे या तीन! तीन काही गिळवेनात.

माझं डोकं लगेच चाललं. एकं संपली होती. नानांनी तेवढी जागा बुटक्या खिळ्यांनी भरून ठेवली असणार. छपाईत कोरी जागा म्हणजे नुसती हवा नसते, तिथेही शिसं भरावं लागतं, फक्त ते उंचीला कमी असतं म्हणून कागदावर उमटत नाही. धुळ्याचे खिळे आल्यावर तिथे आकडे घालायचे ते नाना विसरले. किती सुरेख तर्क! धंद्यातल्या माणसालाच सुचेल असा. म्हणून तर मला त्याची खात्रीच पटली.

जेवून आलो तर शेठच्या केबिनमध्ये नाना उभे होते.

मोतीलालशेठ म्हणजे आमचे मालक. आजोबा मारवाडातून आलेले, घरचं मोठं किराणा दुकान, छापखाना वडिलांनी काढलेला. माणूस वाईट नाही. आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही.

"नाना, या तीन ओळी राहिल्या का?"

नानांनी प्रूफ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मला वाटलं आता भांडतील. मागच्या दोन्ही वेळी भांडले होते. या वेळी नाही.

"राहिल्या असतील, शेठ."

"मग काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं होतं ते बरोबर."

एवढंच. नानांनी आपला ॲप्रन काढला, केसच्या खुंटीला अडकवला आणि बांधणीच्या टेबलावर जाऊन बसले. मी माझ्या खुर्चीत. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनात म्हटलं, आपण आपलं काम केलं. चूक दिसली, दाखवली. पगार कशाचा घेतो?

चार दिवस नाना घड्या घालत होते. कागद मोडायचा, नखानं दाबायचा, बाजूला ठेवायचा. कुणाशी बोलले नाहीत. एरवी माझी रोज टिंगल करणारा माणूस, मी समोरून गेलो तरी मान वर करीना.

शनिवारी गुरुजी आले. हातात पिशवी, पिशवीत नव्यानं लिहिलेलं तिसरं पान आणि पापडासारख्या घरच्या बिबड्या. मी त्यांच्यापुढे प्रूफ ठेवलं. म्हटलं, "गुरुजी, एवढ्या तीन ओळींतले आकडे सांगा, भरून घेतो."

गुरुजींनी माझा लाल शेरा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत नापास झालेल्या पण स्वभावानं बऱ्या मुलाकडे मास्तर पाहतात ना, तसं.

"अहो वाणी, इथे काहीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. तेराशे सत्तावीसनंतर पुढची मूळ संख्या तेराशे एकसष्ट. मधल्या तेहतीस आकड्यांत एकही नाही. ती कोरी जागा दाखवण्यासाठीच तर एवढी मांडणी. नुसती यादीच द्यायची असती तर दोन पानांत आटोपली असती."

त्यांनी नवं पान उघडलं. १३२७. तीन ओळी कोऱ्या, फक्त पेन्सिलीचे बारीक ठिपके. मग १३६१.

मी बांधणीच्या टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहवेना.

गुरुजींना बाकी काही माहीत नव्हतं, ते आपले रंगात आले. "वर बघा. तेराशे एक आणि तेराशे तीन, शेजारी शेजारी. तेराशे एकोणीस आणि एकवीस, परत शेजारी. आणि लगेच पुढे हा सगळा ओसाड माळ. नियम म्हणाल तर सापडत नाही. आकडे मोठे होतात तशा मूळ संख्या विरळ होतात, एवढं खरं. पण विरळ म्हणजे सारख्या अंतरावर नाहीत. कुठे दाटी, कुठे काहीच नाही. पुढे आठ हजारांच्या घरात पुन्हा एकदा अशा तीन ओळी लागोपाठ कोऱ्या येतील. तेव्हा घाबरू नका."

"गुरुजी, माझ्याबरोबर चला," मी म्हणालो आणि त्यांना जवळजवळ ओढतच केबिनमध्ये नेलं.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. पान पाहिलं. ते काही लगेच विरघळणाऱ्यांतले नव्हते.

"हे पान नवीन आहे, गुरुजी. नानांच्या समोर होतं ते कुठे?"

"त्याचा लगदा झाला होता. चुलीत घातलं."

"मग मी काय समजायचं? तुम्ही आणि नाना दर शनिवारी एकत्र चहा पिता. तुम्ही मनानं चांगले. यावलला बातमी पोचली असेल आणि त्यांची भाकरी जाऊ नये म्हणून तुम्ही या तीन ओळी कोऱ्या ठेवल्या नाहीत कशावरून?"

मला वाटलं गुरुजी चिडतील. ते नुसते हसले. "शेठ, माझ्यावर विश्वास ठेवू नका. भागून बघा."

शेठची कळी खुलली. हिशेबाला माणूस पक्का. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता आणि ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. "हां, हे बोललात! कागद खोटा असेल, पाढा खोटा नसतो. वाणी, आकडे वाचा."

तीन ओळी, चार-चार घरं, एकूण बारा आकडे. यांतला एक जरी मूळ निघाला तर ओळ राहिली होती आणि नाना गुन्हेगार. एकही नाही निघाला तर गुन्हेगार मी. मी वाचायला लागलो.

"तेराशे एकतीस."

"अकरा एकशे एकवीस. कटला."

"तेराशे तेहतीस."

शेठ थांबले. "हा बाजूला ठेवा. पुढचा."

"सदतीस."

"सात एकशे नव्वद तेराशे तीस, वर सात. कटला."

"एकोणचाळीस."

"तेरा शंभर तेराशे, तेरा त्रिक एकोणचाळीस. हा तर पोरगंसुद्धा सांगेल."

एक्केचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न आणि एकोणसाठ हे चार त्यांनी बेरजा करूनच उडवले. आकड्यातल्या अंकांची बेरीज तीननं भागली गेली की अख्खा आकडा तीननं भागला जातो, हे दुकानदाराला शिकवावं लागत नाही. मग त्रेचाळीस. "सतरा ऐंशी तेराशे साठ, त्यातून सतरा गेले. कटला." एकोणपन्नास. "एकोणीस सत्तर तेराशे तीस, वर एकोणीस. कटला." एक्कावन्न. "मघाच्या सदतीसात सातचे दोन वाढवा. कटला." सत्तावन्न. "तेवीस साठ तेराशे ऐंशी, वजा तेवीस. कटला."

अकरा आकडे धडाधड पडले. माझ्या जिवात जीव आला. उरला तेराशे तेहतीस.

शेठनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. "सातनं तीन उरतात. अकरानं दोन. तेरानं सात. सतरानं सात. एकोणीसनं तीन. तेवीस अठ्ठावन्न तेराशे चौतीस, अरे, एकानं हुकला. एकोणतीस सेहेचाळीस... परत तेराशे चौतीस! परत एकानं!" त्यांनी डोळे उघडले. "नाही जात. हा मूळ आहे."

"म्हणजे ओळ राहिलीच," शेठ म्हणाले. "वाणी, तुमचा शेरा बरोबर आहे."

आयुष्यात मी पुष्कळदा बरोबर ठरलोय. पण बरोबर ठरल्याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. मी गुरुजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. उत्तर माहीत असून सांगायचं नाही, ही मास्तर लोकांची जुनी खोड. मला त्यांचा असा संताप आला!

"गुरुजी, बोला ना काहीतरी!"

"शेठ, पाढे कुठपर्यंत म्हटलेत?" गुरुजींनी विचारलं.

"तीसपर्यंत. वडिलांनी छडी घेऊन पाठ करून घेतले. तीसच्या पुढे दुकानात लागतं कशाला?"

"दुकानात नाही लागत. इथे लागतं. भागून बघताना थांबायचं कुठे, याचा नियम आहे. जो आकडा स्वतःशीच गुणल्यावर आपल्या आकड्याच्या पुढे जातो, तिथे थांबायचं. सदतीस सदतीस तेराशे एकोणसत्तर, म्हणजे सदतीस नको. त्याच्या अलीकडची मूळ संख्या कोणती?"

"एकतीस," मी म्हणालो.

एकतीसचा पाढा तिथे कुणालाच येत नव्हता. मी प्रूफ उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूवर शाळेत करतात तसा भागाकार मांडला. एकतीस चोक एकशे चोवीस. एकशे तेहतीसातून एकशे चोवीस गेले, उरले नऊ. वरचे तीन खाली. त्र्याण्णव. एकतीस त्रिक त्र्याण्णव. बाकी शून्य.

साधा तिसरी-चौथीतला भागाकार.

"एकतीस त्रेचाळीस," मी म्हणालो. "कटला, शेठ. बाराचे बारा कटले."

शेठनी कागद ओढून घेतला. स्वतः पुन्हा करून पाहिला. "तीस पाढ्यांवर आमच्या तीन पिढ्या जगल्या," ते म्हणाले, "आणि एकतीसाव्यानं माती खाल्ली." मग, "गुरुजी, असे खड्डे याहून मोठे असतात?"

"हवा तेवढा मोठा. दोनपासून सातपर्यंत सगळे आकडे एकमेकांशी गुणा. पाच हजार चाळीस येतात. त्यात दोन मिळवा, दोननं भाग जातो. तीन मिळवा, तीननं जातो. असं सातपर्यंत. सहा आकडे लागोपाठ कोरे, न मोजता. सातच्या ऐवजी शंभरापर्यंत गुणलंत तर नव्व्याण्णव कोरे. आणि तरीही पुढे कुठेतरी मूळ संख्या असतेच. त्या संपत नाहीत."

एरवी शेठनी आणखी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी ते उठले आणि म्हणाले, "नानांना बोलवा."

नाना आले. हाताला खळ लागलेली, ती धोतराला पुसत दारात उभे राहिले. त्यांना वाटलं, आता इथूनही काढतात की काय.

"नाना, आत या. बसा," शेठ म्हणाले. नाना बसले नाहीत. "तुमच्या ओळी राहिल्या नव्हत्या. जागा कोरीच होती. चूक आमची झाली."

नाना आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत राहिले. त्यांना कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "तठे काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं, नाना," गुरुजी म्हणाले. "तुम्ही अगदी कॉपीबरहुकूम जुळवलं होतं."

मला वाटलं माणूस खूश होईल. नाना मटकन खाली बसले, खुर्चीवर नाही, उंबऱ्यावरच. आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"शेठ, खिळा कमी पडला तर मी काय करतो, सांगा," ते म्हणाले. "पालथा घालतो. उलटा करून ठेवतो. प्रूफवर काळा ठोकळा उमटतो, आंधळ्यालाही कळतं की इथे आकडा यायचाय. तीस वर्षांत एकदाही मी ती जागा कोरी सोडली नाही. मग या वेळी कशी सोडली? चार दिवस व्हयनात, मी हाउच इचार करी ऱ्हायनू. म्हन्तं, डोया तं गयाच, आते डोकंबी गयं. घरी सांगी टाकं बायकोले, आते मन्हं काही खरं नही."

पालथा खिळा. मला माहीत नव्हतं का? रोज असे काळे ठोकळे मी प्रूफवर पाहत होतो. त्याच पानाच्या आधीच्या प्रूफवर, धुळ्याचे खिळे यायच्या आत काढलेल्या, ढीगभर ठोकळे होते. धुळ्याहून किती एकं मागवायची ते ठरवायला मी स्वतः मोजले होते. त्या तीन ओळींत एकही ठोकळा नव्हता. माझा तो सुरेख तर्क तिथेच मोडत होता आणि मी तो तपासला नव्हता.

"नाना, शेरा मी लिहिला होता," मी म्हणालो.

"माहीत शे. अक्षर ओळखतो मी तुमचं." त्यांनी नाक शिंकरलं, डोळे पुसले आणि ऑफिसच्या भाषेवर आले. "कॉपी होती समोर?"

"नव्हती."

"मग एक प्रश्नचिन्ह टाकायला काय जात होतं, भाऊ?"

प्रूफरीडरला शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि निकाल लेखकावर सोडायचा, ही धंद्याची रीत. शेरा टाकायचा तो खात्री असेल तेव्हाच. मला खात्री होती. म्हणून तर प्रश्नचिन्ह सुचलं नाही. हे मी नानांना सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. "चुकलो" म्हणालो. ते नुसतं "हं" म्हणाले.

शेठ म्हणाले, "सोमवारपासून केसवर या." नाना म्हणाले, "सोमवार कशाला? चौथं पान पडलंय." उठले, हात धुतले, ॲप्रन बांधला आणि केससमोर जाऊन उभे राहिले. माझ्याशी मात्र पुढचे आठ-दहा दिवस कामापुरतंच बोलले. मग एके सकाळी म्हणाले, "वाणी, आज चष्मा पुसून आलात का नुसते?" तेव्हा कळलं की सुटलो.

तक्ता वेळेवर छापून झाला. जसजशी पानं पुढे गेली तसतसे आकडे कमी आणि बुटके कोरे खिळे जास्त लागत गेले. शेवटी शेठना नवे मागवावे लागले. आठ हजारांच्या घरात गुरुजींनी सांगितलेल्या तीन कोऱ्या ओळी आल्या. नानांनी त्या जुळवल्या, प्रूफ स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि मी वाचत होतो तोवर तिथेच उभे राहिले. मी काही न लिहिता ते परत दिलं.

त्यानंतर नानांनी आणखी अडीच-तीन वर्षं केसवर काम केलं. मग डोळे खरंच गेले. एका सकाळी स्वतःच शेठकडे जाऊन म्हणाले, "आता दिसत नाही, उद्यापासून मी बांधणीवर बसतो." कुणी शेरा लिहिला नव्हता, कुणी तीन वेळा मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर बसून ते घड्या घालत होते आणि दिवसभर त्यांची बडबड चालू होती.

मी पुढे पुष्कळ वर्षं प्रूफं वाचली. कॉपी समोर नसेल तर वाचू नये. वाचावंच लागलं, तर पेन्सिलीनं वाचावं.